चाक धरणारा म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सहा महिन्यांपासून रोडबाइक चालवताय, गेले तीन रविवार एका ग्रुपबरोबर जाताय. तिसऱ्या रविवारी परतताना समोरून वारा होता, तुम्ही जवळजवळ चाळीस किलोमीटर मागेच राहिलात आणि शेवटी ज्या फलकापर्यंत मंडळी नेहमी स्प्रिंट मारतात तिथे सगळ्यांना ओलांडून पहिले पोचलात. थांबल्यावर कुणीतरी ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणालं, सगळे हसले, तुम्हाला ते लागलं. त्याच दिवशी दुसरे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, एवढं चिकटून चालवू नकोस, दोन मीटर अंतर ठेव. आता तुमचे प्रश्न तीन: मागे बसणं, म्हणजे दुसऱ्याच्या चाकामागे त्याच्या आडोशात चालवणं (यालाच ‘चाक धरणं’ म्हणतात), ही फसवणूक आहे का, अंतर नक्की किती ठेवायचं, आणि पुढे राहून चालवता यावं म्हणून एअरो चाकं (हवा सहज कापणारी, खोल रिमची) घ्यावीत का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: घेऊ नका. खोल रिमची चाकं आडव्या वाऱ्यात हँडल ओढतात. नवख्या माणसाचं हँडल ग्रुपच्या मधोमध ओढलं गेलं की शेजाऱ्याचं काही खरं नसतं. वर्षभराने पुन्हा विचार करा.

पहिले दोन प्रश्न मात्र एकमेकांत गुंतलेले आहेत. मी वीसेक वर्षं रविवारच्या राइड्स चालवतोय, त्याआधी शर्यतींत मधल्या फळीत घाम गाळलाय. या काळात चाक धरण्यावरून झालेली जेवढी भांडणं पाहिली, त्यातली फार थोडी वारा कुणी खाल्ला यावरून होती. बाकीची सगळी या एका शंकेतून आलेली: हा माझ्या मागे आहे, पण याचा भरवसा धरता येईल का?

आधी फायदा किती ते बघू, कारण त्यावर बरेच गैरसमज आहेत. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला पुरी पडणारी ताकद घनाने. मागे बसणाऱ्याला त्या वेगाला साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद कमी लागते. मोठ्या शर्यतीच्या घोळक्यात तर कमालच होते. २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनवर, म्हणजे अशा घोळक्यावर, झालेल्या अभ्यासात असं दिसलं की घोळक्याच्या पोटात बसलेल्यावर हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या फक्त ५ ते १० टक्के उरतो. शर्यतीत तीन तास झोपाळ्यावर बसल्यासारखे काढून शेवटी वाघासारखी उडी मारणारे लोक दिसतात, त्याचं कारण हे.

यात एक गंमत आहे. तुमच्या मागे कुणी बसलं तर तुमचं नुकसान काही होत नाही. उलट तुमच्या पाठीमागे हवेचा जो भोवरा तयार होतो तो थोडा भरून निघतो आणि तुमचाही विरोध दोनेक टक्के कमी होतो. म्हणजे नागोबा बिळात बसतो खरा, पण बीळ खणणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. मग लोक चिडतात कशाने?

चढावर ही चिडचिड आपोआप थांबते, हे कधी बघा. ताशी दहा-बारा किलोमीटरला हवेचा विरोध नगण्य असतो, तिथे प्रत्येकाचं भांडण गुरुत्वाकर्षणाशी. मागे बसून फारसं काही मिळत नाही, म्हणून तिथे कुणी कुणाला नागोबा म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. ताशी ३० म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. काही दिसल्यापासून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सावध माणसालाही पाऊण सेकंद लागतो, म्हणजे सहा मीटर गेले. तुमच्या पुढच्या टायरपासून समोरच्याचं मागचं टायर अर्ध्या मीटरवर आहे. त्याने पॅडल मारणं थांबवलं आणि त्याचा वेग ३० वरून नुसता २८ झाला, तर ते अर्धा मीटर अंतर एका सेकंदाच्या आत संपतं. त्याने ब्रेक मारलाच, तर तुमच्या हातात काही राहत नाही. थोडक्यात, चाक धरताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर आणि ब्रेकवर विसंबून नसता. समोरचा अचानक काही करणार नाही, या एका गोष्टीवर विसंबून असता. आणि तुमच्या मागचा तुमच्यावर.

चाकाला चाक लागलं तर पडतो तो मागचा, हे ठाऊक असेलच. का पडतो ते मात्र फार जण सांगत नाहीत. सायकल उभी राहते ती आपण सतत पुढचं चाक किंचित डावी-उजवीकडे वळवून तिला तोलाखाली आणत असतो म्हणून. तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला उजवीकडून टेकलं, की तुम्हाला डावीकडे वळवता येत नाही. शरीर तर नेमकं डावीकडे झुकायला लागलेलं असतं. सावरण्यासाठी वळवायचं तिकडेच भिंत उभी. समोरच्याचं मागचं चाक वळवायचं नसतंच, त्यामुळे त्याला एक धक्का जाणवतो आणि तो पुढे निघून जातो.

मी असा पडलो तो क्षण अजून कानात आहे. रस्ता मोकळा, कोरडा, सरळ. माझं पुढचं चाक समोरच्याच्या चाकाच्या बाजूला चार बोटं पुढे सरकलं होतं, कारण मी शेजारच्याशी गप्पा मारत होतो. समोरच्याने एक लहानसा दगड चुकवला. झर्र असा रबराला रबर घासल्याचा आवाज, जेमतेम अर्धा सेकंद, आणि मग मी उजव्या कोपरावर. कोपरातून खडी वेचायला नर्सने चिमटा वापरला. मला आठवतं ते तिचं वाक्य: “एकटेच होता का रस्त्यावर?” नव्हतो. बारा जण होतो, आणि माझ्यामागचे दोघे माझ्यामुळे पडले. त्यातल्या एकाचं कॉलरबोन गेलं. समोरच्याची चूक नव्हती. चाक ओव्हरलॅप मी केलं होतं.

त्यामुळे अंतराच्या प्रश्नावर ते गृहस्थ बरोबर आहेत, पण त्यांचा आकडा कायमचा नाही. पहिले दोन-तीन महिने एका सायकलीची लांबी, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास, अंतर ठेवा. तेवढ्यावरही आडोशाचा बराचसा फायदा मिळतो. अगदी खेटून बसल्याने जो थोडा जास्तीचा मिळतो त्याची किंमत तुमच्या सध्याच्या अनुभवाला परवडणारी नाही. पुढे ज्यांच्याबरोबर पन्नास राइड्स झाल्यात, ज्यांचे खांदे बघून तुम्हाला कळतं की हा आता पॅडलवर उभा राहणार, त्यांच्यामागे अंतर आपोआप कमी होईल. अनोळखी माणसामागे मी आजही दीड मीटर ठेवतो. उतारावर सगळेच हिशोब बदलतात, तिथे तीन-चार सायकलींचं अंतर ठेवा आणि थेट मागे न राहता किंचित बाजूला राहा. पावसात तर आणखी. रिमब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारा) लावल्यावर चाकाची पहिली एक-दोन आवर्तनं नुसतं पाणी पुसण्यात जातात, डिस्कब्रेक (चाकाच्या मधल्या तबकडीवर दाबणारा) त्या मानाने लगेच पकडतो. ग्रुपमध्ये दोन्ही प्रकार मिसळले असतील आणि तुमच्या सायकलीला रिमब्रेक असेल, तर डिस्कवाल्याच्या मागे ओल्या रस्त्यावर चिकटून जाणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं.

नजर कुठे ठेवायची? नवखे समोरच्या टायरकडे टक लावून बघतात. टायर तुम्हाला बातमी देतं ती घडून गेल्यावर. समोरच्याच्या कमरेवरून, खांद्यावरून त्याच्याही पुढच्या माणसाकडे बघा. दोन माणसं पुढचा हलला की तुमच्याकडे अर्धा सेकंद आधीच निरोप पोचतो. वेग कमी करायचा तर ब्रेकला हात घालण्याआधी पाठ सरळ करा, छातीवर वारा घ्या, पॅडल हलकं फिरवा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. ब्रेक लावावाच लागला तर दोन्ही हलके, आणि तोंडाने ओरडून. शेवटच्या माणसापर्यंत पोचता पोचता एक छोटा ब्रेक मोठा होत जातो, बारावा माणूस जवळजवळ थांबलेला असतो. मग त्याला पुन्हा जोर मारून अंतर भरावं लागतं आणि तो मनात तुम्हाला चार शब्द ऐकवतो.

आणखी एक सवय, जी कुणीही सांगितल्याशिवाय कळत नाही. खोगिरावरून उभं राहताना क्षणभर पॅडलवरचा दाब जातो आणि सायकल तुमच्याखाली मागे सरकते. मागच्याला वाटतं, याने ब्रेक मारला. उभं राहायचं तर एक गिअर जड करा, पॅडल खाली येत असताना तो दाब चालू ठेवून उठा. घरी कुणाला मागे न घेता याचा सराव करा.

आता नागोबाकडे येतो. तुम्ही चाळीस किलोमीटर मागे होता. मला तुमचा ग्रुप ठाऊक नाही, त्यामुळे हे ठरवायला माझ्यापेक्षा तुम्हीच योग्य. पण चार शक्यता मांडतो.

शर्यत असती तर तुम्ही जे केलंत ते शहाणपण ठरलं असतं. मार्क कॅव्हेंडिश या स्प्रिंटरने तूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीचे ३५ टप्पे जिंकले, २०२४ साली शेवटचा. त्यातले बहुतेक जिंकताना शेवटच्या दोनेकशे मीटरपर्यंत त्याच्यासाठी वारा दुसरेच खात होते. त्यांचं कामच ते होतं. शर्यतीत वारा ही वाटून घ्यायची वस्तू नाही, घासाघीस करायची वस्तू आहे. पळून गेलेल्या चौघांमध्ये तुम्ही असाल आणि तुमचा सहकारी मागच्या गटात असेल तर तुम्ही पुढे न येणं अगदी रास्त. बाकीचे तिघे शिव्या घालतील, तोही खेळाचाच भाग. डच सायकलपटू योप झुटेमेल्कवर जन्मभर एक विनोद चालला: तूर संपल्यावरही हा गोरापान का? तर त्या काळचा सगळ्यात मोठा विजेता एडी मर्क्स, त्याच्या सावलीत चालवतो म्हणून. या झुटेमेल्कने १९८० ची तूर जिंकली, सहा वेळा दुसरा आला आणि १९८५ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, विश्वविजेता झाला. सावलीत बसून कुणी तूर जिंकत नाही.

एकट्याची घड्याळाविरुद्धची शर्यत असेल तर प्रश्नच मिटला, तिथे आडोसा घेणं नियमाने बंद आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत पुढच्या स्वारापासून २५ मीटर मागे आणि बाजूने २ मीटर दूर राहावं लागतं. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या राइड्समध्ये, दुसऱ्या सहभागी स्वाराचं चाक धरायला मुभा आहे. गाडीच्या मागे बसायला नाही. ट्रकच्या मागे बसून ताशी ५० गाठल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते शूरपणाचं काम नाही. ट्रकचे ब्रेक तुमच्यापेक्षा चांगले असतात आणि समोरचा खड्डा ट्रकच्या पोटाखालून थेट तुमच्या चाकाखाली येतो.

राहता राहिली रविवारची राइड. इथे कुठलाच लिखित नियम नाही, म्हणून इथेच सगळ्यात जास्त रुसवेफुगवे. नवख्याने, आजारातून उठलेल्याने, पंक्चर काढून दमून आलेल्याने मागे बसणं हा त्याचा हक्क आहे, असं मी माझ्या ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी सांगतो. एकच अट: तसं बोलून टाकायचं. “आज मी पुढे येणार नाही, माझ्यापुढे गॅप मोकळी ठेवा” एवढं म्हटलं की कुणाच्या कपाळावर आठी येत नाही. तुमच्याबाबतीत लोकांना खटकलं ते चाळीस किलोमीटर मागे बसणं नसावं. चाळीस किलोमीटर “दमलोय” असं वाटू देऊन शेवटी स्प्रिंट मारणं खटकलं असावं. मागे बसलात, ठीक. पायात जोर होता तर पंधराव्या, पंचविसाव्या किलोमीटरला एखादा मिनिट पुढे येता आलं असतं. नाहीच आलात तर त्या स्प्रिंटमधून बाजूला राहायचं. ज्या माणसाने वारा खाल्ला त्याला तो फलक जिंकू द्यायचा.

तरीही नागोबा म्हणणाऱ्यांचीही थोडी चूक धरतो. तीन रविवार झालेल्या माणसाला कुणी तरी आधी सांगायला हवं होतं.

पुढे यायची तुम्हाला भीती वाटते असं तुमच्या लिहिण्यातून जाणवलं, त्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात. पहिला माणूस बाजूला होतो, तुमच्यासमोर अचानक मोकळा रस्ता येतो, अंगात वारं शिरतं आणि तुम्ही २८ वरून ३१ वर जाता. तीन किलोमीटरचाच फरक. पण घनाचा हिशोब आठवा: हवेसाठी लागणारी ताकद एकतृतीयांशाहून जास्त वाढली. मागच्यांना ते आडोशात निभावून जातं. निभत नाही ते नुकताच पुढून बाजूला झालेल्या माणसाला. त्याचे पाय जळताहेत, तो शेपटीला लागायला मागे सरकतोय, आणि नेमक्या त्या क्षणी शेपटी त्याच्यापासून पळायला लागते. ज्याने तुमच्यासाठी वारा खाल्ला त्यालाच तुम्ही गाळलंत. तुमच्या मनात काही नसतं, त्याला मात्र हा डाव वाटतो.

म्हणून पुढे आलात की पहिल्यांदा वेगाच्या मीटरकडे बघा. मागे असताना २८ होता, तर पुढेही २८. दमछाक वाटली तर २७ चालेल. तीस सेकंद राहिलात तरी पुरे, शंभर पॅडल मोजा हवं तर. मग मान वळवून रहदारी बघा, कोपराने खूण करा, सरळ रेषेत किंचित बाजूला व्हा आणि पॅडल हलकं करा. किती बाजूला आणि कुठल्या बाजूने हे वाऱ्यावर, रस्त्याच्या रुंदीवर आणि ग्रुपच्या प्रथेवर असतं. निघण्याआधी विचारून घ्या. शेवटचा माणूस तुमच्या बाजूला आला की पुन्हा जोर लावायला सुरुवात करा. तो पुढे गेल्यावर लावला तर उशीर झालेला असतो.

पुढे असताना तुम्ही मागच्या अकरा जणांचे डोळे असता. खड्डा, काच, वाळू, गतिरोधक, सगळं बोटाने दाखवायचं आणि बोलायचं. दोन्ही हात हँडलवर हवे असतील तर नुसतं ओरडा. खड्डा चुकवताना आधीपासून हळूहळू रेष बदला. शेवटच्या क्षणी वळसा मारलात तर तो खड्डा तुम्ही मागच्याला भेट दिलात. आणि नाइलाज असेल तर सरळ खड्ड्यातून जा. टायर फुटलं तर फुटलं.

सामानाबद्दल दोन-तीन गोष्टी, घाईने. हँडलच्या टोकाची बुचं बसवलेली असू द्या, उघडं टोक पडल्यावर मांडीत घुसतं. ग्रुपमध्ये एअरोबारवर (हँडलला पुढे जोडलेल्या लांब दांड्यांवर) हात ठेवू नका, तिथून ब्रेक लांब असतात. मागचा दिवा लखलखाट करणारा असेल तर तो शांत मोडवर टाका, मागचा माणूस तासभर त्याच्याकडेच बघत असतो. कानात इअरफोन नको. पावसाळी दिवसांत मागच्या चाकाला पुरेसं लांब मडगार्ड लावलंत तर तुमची लोकप्रियता कुठल्याही स्प्रिंटपेक्षा जास्त वाढेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. रस्त्यात अनोळखी सायकलस्वार दिसला आणि समोरून वारा असला की त्याचं चाक धरायचा मोह होतो. न सांगता धरू नका. आधी शेजारी जा, नमस्कार करा, “थोडं मागे येऊ का?” विचारा. नाही म्हणाला तर ओलांडून जा किंवा मागे पडा. विशेषतः एकटी बाई पहाटेच्या अंधारात चालवत असेल आणि कुणी मुकाट्याने तिच्या मागे पाच मिनिटं लागला, तर त्याच्या मनात वाऱ्याखेरीज काही नाही हे तिला कळायला मार्ग नसतो.

शर्यतीतल्या नीतीबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, की प्रतिस्पर्ध्याची चेन पडली तर थांबावं का. २०१० च्या तूरमध्ये नेमकं हेच झालं. पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या, अँडी श्लेकने हल्ला केला, त्याची चेन उतरली, अल्बर्टो कॉन्टाडोर पुढे निघून गेला आणि ३९ सेकंद कमावले. पॅरिसमध्ये दोघांतलं अंतरही बरोबर ३९ सेकंदच होतं. पुढे २०१२ साली डोपिंगच्या प्रकरणात कॉन्टाडोरचं ते विजेतेपद गेलं आणि श्लेकला मिळालं, ती गोष्ट निराळी. उलट २०२२ मध्ये उतारावर ताडे पोगाचार पडला तेव्हा योनास विंगेगो पिवळ्या जर्सीत असून हळू झाला, पोगाचारने गाठल्यावर हात पुढे केला आणि मग दोघे पुन्हा भिडले. नियम दोन्ही वेळा सारखेच होते. माझं मत विचाराल तर पडलेल्यासाठी थांबावं. चेनसाठी थांबलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. गिअर नीट जुळवून ठेवणं आणि बदलताना दाब हलका करणं हेही कसबच आहे.

येत्या रविवारी निघण्याआधी ग्रुपलीडरला दोन मिनिटं बाजूला घ्या. मागच्या वेळी काय चुकलं ते तुम्हाला कळलंय एवढं सांगा, आणि दुसऱ्या नंबरवर ठेवायला सांगा, बाराव्या नव्हे. बाराव्या नंबरवर सगळ्यांचे झटके गोळा होऊन येतात, दुसऱ्यावर चाल सगळ्यात एकसारखी असते. पहिल्याची पाळी संपली की तुमची, तीस सेकंद, २८ ला. फलक आला की पाय ढिले सोडा.

पुढच्या महिन्यात मात्र जोर लावून तो स्प्रिंट मारा. कुणी काही म्हणणार नाही.